सरांचा मुलगाच ओपनिंगला का?

ह्या वेळी पत्रं बरीच आली आणि निम्म्याहून जास्त मैदानावरचीच निघाली. सुट्ट्यांचे कॅम्प नुकतेच संपलेत, त्यामुळे असेल. तीन घेतोय.

प्रश्न : काका नमस्कार. माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, दोन वर्षं झाली क्रिकेट कोचिंगला जातो. कोच सरांचा स्वतःचा मुलगा ह्याच अंडर १४ टीममध्ये आहे. ओपनिंग तोच करणार, नवीन बॉल त्याच्याच हातात, कॅप्टनपण तोच. माझा मुलगा आठव्या नाहीतर नवव्या नंबरला आणि फिल्डिंगला एका फाइन लेगवरून दुसऱ्या फाइन लेगला. फी मात्र सगळ्यांना सारखीच. गेल्या रविवारी सरांच्या मुलाच्या पॅडवर बॉल लागला, सरळ सरळ एलबीडब्ल्यू, अंपायर म्हणजे आमच्यातलेच एक पालक उभे होते, त्यांनी आधी सरांकडे बघितलं आणि मग मान हलवली, नॉट आउट. मी बोलायचं म्हटलं की मुलगा म्हणतो आई प्लीज नको, अजून खाली टाकतील. मिस्टर म्हणतात क्लब बदलून टाक. काय करू?
– एक आई, बोरिवली

उत्तर : ताई, अंपायरने आधी सरांकडे बघितलं हे वाक्य मी दोनदा वाचलं. कारण त्या माणसाला कोणी सांगितलं नव्हतं हो की आउट देऊ नकोस. त्याचाही मुलगा त्याच टीममध्ये आहे ना, त्याला पुढच्या रविवारचा विचार!

आता आधी माझं पाप सांगतो. मी बावीस वर्षं पोरं शिकवली, त्यातली चार वर्षं माझा मुलगा माझ्याच नेटमध्ये होता आणि मी छातीठोकपणे सांगायचो की माझ्याकडे असलं काही चालत नाही. आमचा स्कोरर म्हणजे कॉलेजचा एक पोरगा, त्याने एकदा काही न बोलता स्कोअरबुक माझ्यापुढे उघडून ठेवलं. सात मॅच, साती वेळा चिरंजीव तीन नंबरला. आणि दोन पोरं अशी की त्या दोघांनी सात मॅचमध्ये मिळून अकरा बॉल खेळले होते. अकरा! मला खरंच माहीत नव्हतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण शाळेत पाठ केली होती, उपयोग शून्य.

गंमत अशी आहे की पार्शलिटी मॅचच्या दिवशी दिसते पण ती शिजते नेटमध्ये. सरांचा मुलगा सरांच्याच स्कूटरवरून येणार, म्हणजे सगळ्यांच्या अर्धा तास आधी. तेवढ्यात त्याचे पन्नासेक थ्रोडाउन, म्हणजे समोरून हाताने टाकलेले बॉल, खेळून होतात. सगळे गेले तरी किट आवरेपर्यंत तो तिथेच, परत दहा-वीस बॉल. बाकीचे नऊ जण एका नेटमध्ये प्रत्येकी सहा मिनिटं, त्यात शेवटच्याला तर बॉलच दिसत नाही, उजेड गेलेला असतो. असं वर्षभर चाललं की सरांचा मुलगा खरोखरच बरा खेळायला लागतो आणि मग सर अगदी प्रामाणिकपणे सांगतात, अहो मेरिटवर आहे तो. खोटं बोलत नसतात ते. पण ते मेरिट आलं कुठून हे कोणी विचारत नाही.

मुलाला शिकवणं हा गुन्हा नाही, हेही सांगून टाकतो. सर्फराझ आणि मुशीर खान, मुंबईचे क्रिकेटर भाऊ, दोघांना वडिलांनीच, नौशाद खाननी घडवलं, सर्फराझने २००९ मध्ये हॅरिस शील्डला, म्हणजे मुंबईच्या शाळांच्या स्पर्धेत, ४३९ मारले तेव्हापासून मुंबईला माहितीये. पण मुंबईची टीम निवडणारी माणसं वेगळी होती. शिकवणारा बाप असला तरी चालतं, टीमच्या यादीवर सही करणारा पण तोच असला की बोंब होते. रॉजर बिन्नी नॅशनल सिलेक्टर होते तेव्हाच, २०१४ साली, त्यांचा मुलगा स्टुअर्ट इंडियाकडून खेळायला लागला. त्याचं नाव चर्चेला निघालं की रॉजर खोलीतून बाहेर जायचे असं तेव्हा छापून आलं होतं. त्याच वर्षी पोराने बांगलादेशविरुद्ध ४ रनमध्ये ६ विकेट काढल्या, तरी लोकांचं बोलणं काही थांबलं नाही. बाहेर जाणाऱ्याची ही गत, मग जो खोलीतच बसून राहतो त्याचं काय सांगायचं.

तर तुम्ही काय करायचं. एक वही घ्या, गेल्या सहा-आठ मॅचमध्ये मुलगा कितव्या नंबरला गेला, बॉल किती खेळला, ओव्हर किती टाकल्या एवढंच लिहा. फक्त आपल्या मुलाचं. मग मॅचच्या दिवशी नाही, व्हॉट्सअप ग्रुपवर तर मुळीच नाही (तिथे एकदा पडलं की बाकीचे पालक लाइकचे अंगठे टाकतात आणि नंतर सरांना वेगळा फोन करून म्हणतात आम्ही त्यात नाही), मधल्या एखाद्या वारी प्रॅक्टिस सुटल्यावर सरांना गाठा. ‘सर, ह्याला वरती खेळायला नक्की काय कमी पडतंय? आणि पुढच्या तीन मॅचमध्ये एकदा पाचव्या नंबरला पाठवून बघाल का?’ सरांच्या मुलाचं नाव तोंडातून निघता कामा नये, निघालं की ते कोच राहत नाहीत, बाप होतात, आणि बापाशी वाद घालून कोणी जिंकलेलं मी पाहिलं नाही.

सरांनी सांगितलं की बॅट जड आहे त्याला, फ्रंट फूट पुढे येत नाही, बॉलवर डोळे ठेवत नाही, म्हणजे काहीतरी नेमकं, तर अजून सहा महिने थांबा. कदाचित मुलगा अजून कच्चाही असेल ताई, ही शक्यता आपण आईबाप सगळ्यात शेवटी धरतो. पण ‘तुम्ही आम्हाला शिकवू नका’ असं उत्तर आलं तर मिस्टरांचं ऐका, फक्त सीझन संपल्यावर. आणि शाळेची टीम आहे का बघा. गाइल्स शील्ड ही मुंबईच्या शाळांची स्पर्धा अंडर १४ चीच, १९०१ पासून चालू आहे, तिथे टीम शाळेचे सर निवडतात, क्लबचे नाहीत. एक दार बंद असेल तर दुसरं ठोठावायला पैसे लागत नाहीत.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची, सॉकर खेळते. कोच म्हणजे टीममधल्याच जुळ्या मुलींचे बाबा. त्या दोघी पूर्ण वेळ आत, आमची बेंचवर संत्री खात बसते. इथे ह्याला डॅडी बॉल म्हणतात म्हणे. तक्रार करावी का? देसी लोक तक्रारखोर असं व्हायला नको म्हणून गप्प आहोत.
– सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : लीग कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण आधी नियम वाचा कारण तिकडे हे बऱ्याच ठिकाणी लिहूनच ठेवलेलं असतं. एवायएसओ म्हणून जी मुलांच्या सॉकरची मोठी संघटना आहे, १९६४ साली तुमच्याच कॅलिफोर्नियात निघालेली, तिचं पहिलं तत्त्वच ‘सगळे खेळणार’ असं आहे, प्रत्येक पोराला किमान अर्धी मॅच. तुमच्याकडे असा नियम असेल तर ही तक्रार नाही, आठवण आहे, एक साधा ईमेल पुरतो. पण तो गृहस्थ पगारी नाही हे लक्षात घ्या. ऑफिसातून धावत येतो, कारण सीझनच्या आधी कोच कोण होणार असं विचारल्यावर झूमवर सगळ्यांचे कॅमेरे बंद झाले असणार. तुमचा पण झाला होता का? असिस्टंट व्हा, बदलीचा तक्ता मी सांभाळतो म्हणा, कोण किती मिनिटं आत कोण बाहेर. लोक आनंदाने देतात हे काम. (आणि हो, तुमची स्वतःची मुलगी पण मग त्याच तक्त्यात येते, बघा काय होतं ते.)

प्रश्न : मी शाळेत खो-खो शिकवतो, मुलगी माझ्याच टीममध्ये आहे. लोक बोलतील म्हणून मी तिला मुद्दाम बाहेर बसवतो, चुकली की सगळ्यांसमोर तिलाच जास्त ओरडतो. आता ती घरीसुद्धा मला पप्पा म्हणत नाही, सर म्हणते. बायको माझ्याशी बोलत नाहीये.
– एक कोच, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, बायकोची बाजू बरोबर आहे. तुम्ही पार्शलिटीच करताय, फक्त उलट्या बाजूने, आणि लोकांना खूश ठेवायचा खर्च पोरीच्या खात्यात टाकताय. बोलणारे तरी बोलतातच.

तुमचं नशीब की तुमचा खेळ खो-खो आहे. क्रिकेटमध्ये कोण चांगलं ह्यावर रात्रभर भांडता येतं, तुमच्याकडे घड्याळ आहे. संरक्षणाला कोण किती मिनिटं किती सेकंद उभी राहिली हे सगळ्या मैदानाला दिसतं. दुसऱ्या शाळेतले एखादे सर किंवा जुनी खेळाडू बोलवा, चार शनिवार सगळ्या पोरींची वेळ त्यांनी लावायची, कागद भिंतीवर चिकटवायचा आणि पहिल्या तुकडीतल्या तिघी त्या कागदावरून त्यांनीच ठरवायच्या. तुम्ही तेवढा वेळ मैदानाबाहेर चहा प्या, खरंच बाहेर जा, कठड्याला टेकून बघत राहू नका. आणि हे सगळं आधी पोरींना सांगा, मग पालकांना.

ओरडण्याचं म्हणाल तर बाकीच्यांना जेवढं ओरडता तेवढंच तिला, मोजून. गाडी घराच्या गेटमधून आत आली की खो-खोचा विषय बंद, तिने काढला तरच बोलायचं. आणि घरात तिने सर अशी हाक मारली तर ओ देऊ नका.