पंचवीस कशाला, पाच पाठव

डोंबिवली, २८ डिसेंबर २०२४

प्रिय लेखिकाबाई,

अनेक आशीर्वाद. तुझी यादी काल रात्री वाचली. '२०२४ मधले माझे पंचवीस आवडते वर्ल्ड म्युझिक अल्बम', प्रत्येकाला तीन-तीन ओळी. जुनी खोड जात नाही, म्हणून पेन्सिल घेऊन मोजलं. 'मंत्रमुग्ध' सहा वेळा, 'सीमा ओलांडणारं' चार वेळा आणि 'थेट आत्म्याला भिडणारं' तीन वेळा. पंचवीस अल्बम नुसते एकेकदा ऐकायचे तरी अठरा-वीस तास जातात, आणि एकदा ऐकून अल्बम आवडत नसतो, फार तर बरा वाटतो. तू दिवसभर नोकरी करून, लोकलमध्ये उभी राहून हे सगळं ऐकतेस. खरं सांग, यातले शेवटपर्यंत किती ऐकलेस?

रागावून विचारत नाही. हा उद्योग मीही केलाय. पस्तीसेक वर्षांपूर्वी पुरवणीचं पान भरायचं होतं म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या एका कॅसेटवर लिहिलं. दोन गाणी ऐकली होती आणि ताल उडता होता, म्हणून ठोकून दिलं की हे लग्नातलं गाणं. आठवड्याने रत्नागिरीहून पोस्टकार्ड आलं. लिहिणारे गृहस्थ बरीच वर्षं बोटीवर होते, डाकारच्या धक्क्यावर त्यांनी ते गाणं ऐकलेलं. 'साहेब, हे लग्नातलं नाही. बाप गेल्यावरचं आहे.' एवढंच. खाली सही. ते कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आता त्या 'वर्ल्ड म्युझिक' शब्दाकडे बघू. तू तो असा वापरतेस की जणू हिंदुस्थानी, कर्नाटक, जॅझ तसाच हाही एक संगीतप्रकार. तो प्रकारबिकार काही नाही, दुकानातल्या फळीवरची पाटी आहे. २९ जून १९८७ रोजी लंडनच्या इझलिंग्टन भागात 'एम्प्रेस ऑफ रशिया' नावाच्या पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. अडचण साधी होती. झिंबाब्वेची नाहीतर बल्गेरियाची रेकॉर्ड ठेवायची कुठे, हे दुकानदारालाच कळत नसे. 'ट्रॉपिकल', 'एथ्निक', 'रूट्स' असे शब्द पुढे आले आणि शेवटी 'वर्ल्ड म्युझिक'वर एकमत झालं. व्यापाऱ्यांनी व्यापारासाठी घेतलेला निर्णय, आणि त्या अर्थी चांगलाच. पण संगीताबद्दल तो शब्द काहीही सांगत नाही.

मी फोर्टात कामाला असताना जेवणाच्या सुट्टीत काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जाऊन उभा राहायचो. (२०१६च्या फेब्रुवारीत ते बंद झालं, तू तेव्हा शाळेत असशील.) तिथे भीमसेन जोशी म्हणजे शास्त्रीय आणि बाहेरचे ते वर्ल्ड. पुढे १९९८ साली बहिणीकडे लंडनला गेलो, तिथल्या एका मोठ्या दुकानात शिरलो. वर्ल्डच्या रॅकमध्ये देशवार सीड्या. 'इंडिया'त आमचे भीमसेनअण्णा, त्यांच्या मांडीला मांडी लावून इंडोनेशियाचा गॅमेलान नावाचा वाद्यवृंद, त्यापुढे इराण. पाच मिनिटं मी तिथून हललो नाही. मग लक्षात आलं की आपण या रॅकसमोर उभे नाही आहोत, आत बसलेलो आहोत.

तुझ्या यादीची गडबड इथेच आहे. तू रॅकसमोर उभी राहून लिहिलंयस. लंडनचा माणूस लिहील तसं 'गूढ', 'आदिम', 'वाळवंटातली हाक'. अगं, तुझी आजी काकड आरतीला बसायची. तुला कसली आली आहे गूढता?

नुसरत फतेह अली खाँसाहेबांचा 'चेन ऑफ लाइट' घे. तू त्याला सतराव्या नंबरवर टाकलंयस, मी पहिला ठेवला असता. नंबर तसे मला पटतच नाहीत, पण ते असो. १९९० साली इंग्लंडमधल्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत झालेलं हे ध्वनिमुद्रण. टेप जुन्या साठ्यात पडून राहिली, २०२१मध्ये हाती लागली आणि यंदा सप्टेंबरात अल्बम आला. खाँसाहेब १९९७मध्ये गेले. म्हणजे या वर्षीचा उत्तम अल्बम चौतीस वर्षांपूर्वीचा आहे, आणि तुझ्या तीन ओळींत नेमकं हेच नाही! फक्त चार कव्वाल्या आहेत. एकदा सबंध ऐक. दुसऱ्यांदा फक्त टाळ्यांकडे कान दे. तिसऱ्यांदा मागचे आवाज ऐक, मुख्य गायक श्वास घ्यायला थांबतो तेव्हा ते ओळ कशी उचलतात ते. वारीच्या दिंडीत टाळकरी काय करतात ते आठवलं तर तुला ते माझ्याआधी ऐकू येईल. चौथी कव्वाली अमीर खुस्रोंची आहे, फारसीतली. 'खबरम रसीद इमशब', आज रात्री तू येणार अशी खबर मला पोचली. तू लिहिलंयस 'भाषा कळली नाही तरी'. न कळायला काय झालं? खबर आपली, आणि रसीद म्हणजे पोचलं. वाण्याकडे आपण पैसे पोचल्याची रसीद मागतो ना, तोच शब्द. एवढं कळल्यावर ती ओळ पुन्हा पुन्हा का येते ते कळेल. बातमी पोचलेल्या माणसाला ती दहादा सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

अझीझा ब्राहिमचा 'मौजा' तू घेतलास, तुझी पाठ थोपटतो. ती सहारावी आहे. पश्चिम सहारातून परागंदा झालेल्या लोकांच्या अल्जीरियातल्या छावणीत १९७६ साली जन्मलेली, पुढे शिकायला क्युबात गेलेली, आता स्पेनमध्ये असते. हे तीन देश तिच्या गिटारीत, ढोलात आणि आवाजात ऐकू येतात का, ते सांग. तबल नावाचा तो मोठा ढोल परंपरेने बायका वाजवतात, हे तर तुझ्या वाचकांना नक्की आवडेल. हसानिया अरबीत 'मौजा' म्हणजे लाट. आता थांब जरा. आपली 'मौज' अरबी-फारसीतून आली ती याच शब्दातून. लाटेची मौज झाली, जशी आपल्याकडे पाण्याची लहर माणसाची लहर झाली. एका निर्वासित बाईच्या अल्बमवर हा शब्द आहे आणि मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटणार आहे. हे इंग्रजीतला समीक्षक लिहू शकणार नाही. तू लिहू शकतेस, आणि तू लिहिलंयस 'वाळवंटातली हाक'.

एमडू मोक्तारचं दोन वाक्यांत आटपतो. एक, तो नायजरचा आहे, नायजेरियाचा नव्हे. दोन, 'सहाराचा हेंड्रिक्स' (म्हणजे तो अमेरिकेचा गिटारवाला जिमी हेंड्रिक्स) हे सगळ्यांनी लिहून झालंय, खोडून टाक. उद्या कुणी कुमार गंधर्वांना 'भारताचा अमुक' म्हटलं तर तू जेवणार नाहीस. त्याने पहिली गिटार घरी बनवली आणि तिला सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या, ते लिही. त्याची सुरुवातीची गाणी मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून गावोगाव पसरली, तेही लिही. आपल्याकडे एसटी स्टँडसमोरच्या दुकानात कार्ड भरून मिळायचं, ते वाचकांना आठवेल. 'फ्युनरल फॉर जस्टिस' हा त्याचा अल्बम तमाशेक या तुआरेग लोकांच्या भाषेत आहे, आणि त्यातल्या एका गाण्यात तो आपल्या लोकांना ही भाषा जपा म्हणून विनवतो. (दोन वाक्यं म्हणालो होतो, नाही का.)

अरूज आफताबचा 'नाइट रेन' (हा रेन पावसाचा नव्हे, राज्याचा, reign) मला तुझ्याइतका आवडला नाही. सगळीकडे एकसारखा मंद उजेड आहे असं वाटत राहिलं. पण 'न गुल'मधले शब्द महलका बाई चंदाचे आहेत. अठराव्या शतकातली हैदराबादची शायर, निजामाच्या दरबारातली. गाणारी लाहोरात वाढलेली, न्यूयॉर्कला राहणारी, आणि शब्द आपल्या दख्खनचे! तुझं आजोळ नांदेडचं. त्या मुलुखावर निजामाचंच राज्य होतं. यादीत तू 'पाकिस्तानी गायिका' म्हणून विषय संपवलास.

आता झाकिर हुसेन, आपले झाकिरभाई. १५ तारखेला ते गेले आणि तू घाईने त्यांच्या 'शक्ती' या बँडचा 'धिस मोमेंट' यादीत घुसवलास. तो २०२३चा आहे, काढ. भावना समजते, मीही त्या रात्री झोपलो नाही. पण त्यांच्यावर वेगळं लिही, आणि मोठं. साहित्य देतो. ग्रॅमीने 'वर्ल्ड म्युझिक अल्बम' हा विभाग सुरू केला तेव्हाचा पहिला पुरस्कार १९९२मध्ये अमेरिकन ड्रमवादक मिकी हार्टच्या 'प्लॅनेट ड्रम'ला मिळाला. त्यात झाकिरभाई होते. २०२०मध्ये त्या विभागाची पाटी बदलली, 'वर्ल्ड'चं 'ग्लोबल' झालं. यंदाच्या फेब्रुवारीत त्याच विभागात 'धिस मोमेंट' जिंकला, शंकर महादेवनही त्यात गायलेत, आणि त्या एका रात्रीत झाकिरभाईंना तीन ग्रॅमी मिळाले. पाटी बदलली, तबल्यावर माहीमचाच माणूस. हा लेख यादीत कोंबून वाया घालवू नकोस.

तर मंगळवारपर्यंत पाच अल्बम पाठव. प्रत्येकाला दोनशे शब्द. 'मंत्रमुग्ध' दिसला तर पान परत येईल. प्रत्येक अल्बममध्ये तुला पहिल्यांदा जे ऐकू आलं नाही आणि तिसऱ्यांदा आलं, ते एक लिही. एखादा आवडला नाही तर तसं लिही, कुणी पोलिसात देत नाही. उरलेल्या विसांतले पुढच्या उन्हाळ्यात जे आठवतील ते तेव्हा बघू.

तुझा
काका

ता. क. माझे मोठे हेडफोन तुझ्याकडे आहेत. टाळ्या त्यांच्यावरच नीट ऐकू येतील, तेव्हा मंगळवारपर्यंत ठेव. बुधवारी मात्र मला हवेत.