व्यसनमुक्तीच्या प्रस्तावांना परीक्षक: उपचार अर्धवट सोडलेल्यांनाही विचारा

तुमची अडचण थोडक्यात अशी: व्यसनमुक्ती सेवांच्या अनुदानासाठी आलेले प्रस्ताव तपासायला व्यसनातून गेलेली माणसं आणि त्यांच्या घरचे हवेत, संस्थांना पत्रं पाठवली तर मोजून तीन नावं आली, तीही त्यांच्याच कार्यकर्त्यांची. हे व्हायचंच होतं. संस्था आपला गुणी विद्यार्थीच पुढे करते. शिवाय त्याच संस्थेचा प्रस्ताव चर्चेला आला की हितसंबंधांमुळे त्याला बाहेर बसवावं लागतं.

अशा समित्या जुळवण्यात माझी बरीच वर्षं गेली. माझं ऐकाल तर उपचार मध्येच सोडून गेलेली माणसंही शोधा. एका प्रस्तावाला आम्ही सगळे भरघोस गुण देऊन मोकळे झालो होतो. तेवढ्यात एका सदस्याने वेळापत्रकावर बोट ठेवलं: मेथाडोन (हेरॉईनसारख्या नशेच्या व्यसनावर दिलं जाणारं औषध) मिळणार रोज सकाळी दहा ते एक. "मी याच वेळेपायी सोडलं होतं. रोज दहाला रांगेत उभा राहिलो तर कामावर कोण ठेवील?" ते पान आम्हीही वाचलं होतं, पण कोणालाच खटकलं नव्हतं.

म्हणून परीक्षकांसाठी 'दोन वर्षं व्यसनापासून दूर' अशी अट असेल तर ती काढा. उपचारानंतर व्यसन पुन्हा उलटण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के असल्याचं अमेरिकेची राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थाच सांगते. एवढ्या लोकांना दाराबाहेर ठेवून अनुभव कोणाचा ऐकणार? बैठकीला शुद्धीत यावं आणि ऐकलेलं बाहेर बोलू नये, एवढं पुरे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या) गटाकडे अधिकृत शिफारस मागू नका. बाहेरच्या कुठल्याच उपक्रमाला गटाचं नाव द्यायचं नाही, ही त्यांची परंपरा आहे. ओळखीच्या सदस्याला खासगीत विचारा, तो दोघांना सांगतो. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना सुया बदलून देणारी केंद्रं, रात्रीचे निवारे, कुटुंबीयांचे गट इथेही अशीच तोंडी ओळख चालते.

मानधन तज्ज्ञांइतकंच द्या, पण कसं द्यायचं ते ज्याचं त्याला विचारा. कोणाकडे बँक खातं नसतं, कोणाला हातात आलेली एकरकमी रोकड जड जाते. सरकारी मदत घेणाऱ्याच्या बाबतीत हे पैसे उत्पन्न म्हणून धरले जातील का, तेही आधी पाहून ठेवा.

परीक्षकांची नावं अर्जदार संस्थांना कळू देऊ नका. उद्या त्याच दारात उपचारासाठी उभं राहायची वेळ येऊ शकते. (हे मला एका बाईंनी सुनावलं, तोवर मी नावं बिनदिक्कत छापत होते.)

वाचायला प्रत्येकाला तीनच प्रस्ताव द्या, सोबत सोप्या भाषेतला गोषवारा, आणि अडलं तर फोन करायला एक माणूस. गुण मात्र तज्ज्ञांच्या बरोबरीने मोजा. नुसतं 'मत ऐकून घेतलं' तर पुढच्या वर्षी ते तुमचा फोन उचलणार नाहीत. आणि समितीत असे किमान दोघं तरी घ्या. एकटा माणूस पदव्यांच्या गर्दीत पहिला तास तोंडच उघडत नाही.