पहिल्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणाला निघताना

निवड झाली, अभिनंदन! तिथे खेळांतून शिकवतात आणि पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण प्रत्येक खेळ वहीत उतरवत बसतात. खेळ कुठेही मिळतील. खेळ संपल्यावर प्रशिक्षक काय प्रश्न विचारतात, ते टिपून घे. शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेलं अनुभवातून शिकण्याचं चक्र तिथे कानावर पडेलच: अनुभव, त्यावर विचार, त्यातून निष्कर्ष, मग नवा प्रयोग. नवखे प्रशिक्षक अनुभवापाशीच थांबतात आणि गटाला नुसती मजा येते.

- इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी बोल. शब्द अडला तर तिथल्या तिथे विचार. आणखी चौघांना तोच अडलेला असतो.
- आपल्याच देशातल्यांच्या घोळक्यात बसू नकोस.
- छोटं सत्र घ्यायची संधी आली की लगेच नाव दे.

सत्राची आखणी, मूल्यमापन वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस. परतल्यावर पंधरा दिवसांत आपल्या गटासोबत एक सत्र घे, मग त्यावर बोलू.