उन्हाला दोष देण्याआधी चौथी पिन बघा

प्रश्नाचा सारांश: पीसीत इंटेलचा आय-फाइव्ह १२४०० प्रोसेसर, त्यावर बॉक्ससोबत आलेलाच पंखा. एप्रिलपासून व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की प्रोसेसर १०० डिग्री, मधेच पीसी बंद. दुकानदाराने थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्यावरच्या हीटसिंकमध्ये लावतात ती) बदलून दिली, तरी तेच. आता तो म्हणतो, "सोलापूरचं ऊन आहे, लिक्विड कूलर टाका." टाकावा का?

नका टाकू. आणि उन्हाचा हिशोब एकदा करूनच टाकू. खोली २७ वरून ४२ वर गेली, तर तेवढ्याच लोडवर प्रोसेसरही साधारण १५ डिग्रीच चढतो. जानेवारीत ६८ दाखवणारा मे महिन्यात ८३ दाखवेल. १०० दाखवत असेल तर वरचे १७ उन्हाच्या नावावर कशाला? लिक्विड कूलरचा रेडिएटर, म्हणजे पाणी थंड करणारी जाळी, तीसुद्धा त्याच ४२ डिग्रीच्या हवेवर चालते.

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा, प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं सिनेबेंच लावा आणि आकडा कसा चढतो ते बघा. दोन-तीन सेकंदांत ४५ वरून ९५ वर उडी मारली, तर हीटसिंक (पंख्याखालचा धातूचा ठोकळा) प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. दहा-पंधरा मिनिटं घेत हळूहळू चढला, तर हवा अडतेय.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या डिझाइन टेबलवरचा पीसी माझ्याकडे आला, त्यात दोन्ही दोष एकत्र होते. पेस्ट ताजी, ट्यूबभर थापलेली, पार सॉकेटच्या कडेपर्यंत ओघळलेली. पंखा वरून स्वच्छ पुसलेला. तो पंखा हीटसिंकवरून सुटा केल्यावर खाली हीटसिंकच्या पात्यांवर सुताच्या तंतूंचा जाड थर निघाला, नमद्यासारखा, चिमटीत धरून अख्खा उचलता येईल असा. वरून कितीही ब्लोअर मारला तरी तो हलत नाही, उलट आत दाबला जातो. लूमजवळच्या प्रत्येक पीसीत हे होतं. मदरबोर्ड काढून उलटा केला तेव्हा खरा घोटाळा दिसला: हीटसिंकच्या चार पांढऱ्या पायांपैकी तिघांच्याच मधून काळी पिन बाहेर आलेली, चौथा पाय नुसता भोकात अडकलेला. कॅबिनेट उभं असतं, त्यामुळे सुटलेल्या कोपऱ्याकडून हीटसिंक लोंबतो आणि त्या बाजूला फट पडते. त्या फटीवर हजारांची पेस्टही उपयोगाची नाही. पेस्ट म्हणजे औषध नव्हे, हे आपल्याकडच्या रिपेअरवाल्यांना कोण सांगणार!

तर तुम्ही असं करा. चारही पिनांची डोकी बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा, हीटसिंक काढा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवीन पेस्ट मधोमध, तुरीच्या दाण्याएवढी. डोकी उलट फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या, म्हणजे तिरक्या जोडीने दाबा. 'टक्' असा आवाज प्रत्येक पिनेचा आला पाहिजे. आवाजावर भरवसा नसेल तर बोर्ड काढून मागून बघाच. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

एवढं करूनही ९० च्या वर राहिला तर बायॉसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट बघा. १२४०० ची बेस पॉवर ६५ वॉट, टर्बोत, म्हणजे जादा वेगात, ११७ पर्यंत जाते. बरेच बोर्ड ती मर्यादा मोकळीच सोडतात. लाँग ड्युरेशन लिमिट ६५ करा. एक्स्पोर्टला थोडा जास्त वेळ लागेल, बस. तोवर काम अडलं असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, टर्बो बंद होतो.

साइड पॅनेल काढून टेबल फॅन लावायचा सल्ला इथे कुणीतरी देईलच. तासाभराच्या तपासणीला ठीक, कायमचा नको. सगळी धूळ आत घ्याल.

हे सगळं इंटेलच्या पिनवाल्या पंख्याबद्दल आहे. एएमडीचा एएम४ सॉकेटचा रायझन प्रोसेसर असेल तर हीटसिंक सरळ वर ओढू नका, सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. आधी पीसी चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग डावीउजवीकडे हलकं फिरवत काढा. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांना मात्र पूर्ण लोडवर ९५ चालतं, ते तसंच बनवलंय. आणि तुमचा पीसी ८० च्या आतच बंद पडत असेल, तर प्रोसेसर सोडा, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदलून बघा.