पानगळीतला वसंत

प्रश्न : निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी फिरायला जातो. वसंत पंचमी झाली, होळीही झाली, पण मला वसंत काही दिसला नाही. रस्ताभर वाळलेली पानं, धूळ आणि नऊ वाजताच चटका देणारं ऊन. आपल्याकडे वसंत खरंच असतो का? असेल तर शहरात राहून नेमकं काय बघायचं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : असतो, आणि तुम्ही ज्याला कंटाळलात त्या वाळक्या पानांपासूनच तो सुरू होतो.

थंड मुलुखात बर्फ वितळलं की वसंत येतो. आपल्या झाडांना सोसावा लागतो तो कोरडेपणा. जमिनीतलं पाणी कमी झालं की झाड पानं गाळतं. पानांवाटे पाणी उडून जायचं थांबलं की मुळांनी खोलवरून ओढलेलं पाणी खोडाफांद्यांत टिकतं, आणि दिवस मोठा होऊ लागला की त्या ओलाव्यावर अंकुर फुटतात. म्हणून आपली पालवी पावसासाठी थांबत नाही. आभाळात ढगाचा ठिपका नाही, जमीन भेगाळलेली, आणि पिंपळ अंगभर तांबूस! इतकी वर्षं बघतेय, तरी मला याचं नवल वाटतंच.

तुम्ही पिंपळापासूनच सुरुवात करा. पुण्यात तो शोधावा लागत नाही. एकाच रस्त्यावरचे दोन पिंपळ एका वेळी फुटत नाहीत; एक उघडा असतो, शेजारचा भरलेला. नुकत्याच फुटणाऱ्या झाडाखाली वाका. पातळ, टोकदार पापुद्रे पडलेले दिसतील. हे कोवळ्या पानाचं वेष्टण. पान उलगडलं की ते गळून पडतं. वर बघाल तर नवी पानं मऊ, चकचकीत आणि मान टाकल्यासारखी लोंबत असतात. त्यांच्यात हिरवं द्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं, आणि तांबडा रंग त्यांना कडक उन्हापासून जपतो. हाच रंग गडद लाल बघायचा असेल तर मार्चमध्ये सह्याद्रीच्या बाजूला कुसुंब गाठा. लांबून फुललाच आहे असं वाटतं, असते मात्र पालवी.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर वावळ आहे. या दिवसांत तो पोपटी दिसतो आणि येणारेजाणारे म्हणतात, किती छान पानं आली! पानं नव्हेत, फळं आहेत ती : नाण्याएवढी, चपटी, कागदासारखी, मधोमध बी. वाळली की वाऱ्यावर उडतात आणि गच्चीभर होतात. सोलून खाल्लेलं बी चारोळीच्या जवळचं लागतं. मुलांना ते आवर्जून दाखवा.

मग कान द्या. कोकीळ सगळ्यांनाच कळतो, पण मला तांबट जास्त प्रिय. टुक, टुक, टुक असं एकसारखं, भर दुपारीही. पक्षी चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळ आणि गळ्याखाली लाल. बोलताना तो मान वळवतो, त्यामुळे आवाजाची दिशा चुकते. झाडाचे उघडे शेंडे आधी बघा, तिथेच सापडतो. तो घर करतो वाळक्या फांदीत, खालच्या बाजूने गोल भोक पाडून. पावसाळ्याआधी सोसायट्यांमध्ये वाळक्या फांद्यांवर सरसकट करवत चालते, त्याचं मला फार वाईट वाटतं. रस्त्यावर, घरावर झुकलेली फांदी जरूर तोडावी. आत, कुणाच्या डोक्यावर न येणारी एखादी राहू द्या, आणि तोडण्याआधी भोक आहे का तेवढं बघायला सांगा. पानंही जाळू देऊ नका. झाडाच्याच बुंध्याशी पसरली तर उन्हाळाभर ओल धरतात.

टेकडीवर जात असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं दिसतील. ते गिरिपुष्प. दिसतं सुंदर, पण मूळचं मध्य अमेरिकेतलं, लागवड करून आणलेलं. इथला वसंत बघायचा तर पळस आणि पांगारा शोधा. निष्पर्ण फांद्यांवर फुलं, आणि त्यांवर मैना, बुलबुल, सूर्यपक्ष्यांची भांडणं. तिथे घाई करू नका, अर्धा तास उभे राहा.

पाडव्याच्या आगेमागे संध्याकाळी फिरायला निघा. कडुनिंब मोहरलेला असतो. त्याची फुलं इतकी बारीक की डोळ्यांआधी नाकाला कळतात.

फार झाडं एकदम घेऊ नका. यंदा वाटेवरचं एकच निवडा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकटीत लिहीत जा : शेवटचं जुनं पान, पहिलं फूल, पहिली पालवी. पुढच्या वर्षी तारखा पुढेमागे झालेल्या दिसतील, आणि त्या का सरकल्या हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. तो मला जरूर पाठवा, झाडाच्या नावासकट.