जुन्या वर्तमानपत्रांतील 'खुषी'

एकोणिसाव्या शतकातील मराठी वर्तमानपत्रे वाचताना 'त्याने आपल्या खुषीने जमीन विकली' अशा धाटणीची वाक्ये भेटतात. जमीन हातची गेल्यावर माणसाला आनंद कसा होईल, आणि 'खुशी' हा शब्द तेव्हा 'ष' घालून का लिहीत, असा दुहेरी प्रश्न आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, त्या वाक्यात आनंदाचा काही संबंध नाही. फारसीतून आलेल्या या शब्दाला मराठीत आनंदाइतकाच 'मर्जी, संमती' हा अर्थही चिकटला आणि दप्तर, कचेरी व कज्जे यांच्या भाषेत हाच अर्थ वरचढ राहिला. जमिनीच्या व्यवहारात आजही 'खुशखरेदी खत' असते. तेथे घेणारा खूश आहे की देणारा, हे सांगायचे नसून विक्री जप्तीने किंवा लिलावाने न होता मालकाच्या राजीखुशीने झाली, एवढेच नोंदवायचे असते. कोर्टकचेरीच्या बातम्या देणाऱ्या पत्रकर्त्याने तोच शब्द त्याच अर्थाने उचलावा, हे स्वाभाविक होते. 'खुषीने राजीनामा दिला' या वाक्यात तर आजचा वाचक दोनदा चकतो, कारण 'राजीनामा' म्हणजे मुळात राजी असल्याचा कागद, आणि मुंबई इलाख्यातील रयतवारीत, म्हणजे सरकार शेतकऱ्याकडून थेट सारा घेई त्या पद्धतीत, शेतकरी आपल्या नावची जमीन सोडून देताना जे लिहून देई त्यालाही राजीनामाच म्हणत. तेव्हा असे वाक्य नोकरी सोडणाऱ्याविषयी आहे की शेत सोडणाऱ्याविषयी, हे मागचापुढचा मजकूर पाहूनच ठरवावे लागते.

अर्थ ओळखण्यासाठी शब्दाचे रूप पाहावे. 'सरकारची खुषी', 'ज्याची त्याची खुषी' अशी षष्ठी मागे असेल, तर बहुधा मर्जी समजावी; 'खुषीत' अशी सप्तमी असेल, तर मनाची प्रसन्नता. खरी अडचण तृतीयेची आहे, कारण 'खुषीने' दोन्हीकडे झुकतो. तेथे क्रियापद पाहावे. देणे, सोडणे, विकणे, कबूल करणे अशी क्रिया असेल, तर मी तरी संमतीचाच अर्थ घेईन. 'खुशाल जा' म्हणताना आपणही जाणाऱ्याला आनंदित होण्यास सांगत नाही, त्याला मोकळीक देतो.

मग आनंद झाला हे सांगायला पत्रकर्ते काय लिहीत? त्यांचा आवडता शब्द 'संतोष' होता. 'कळविण्यास संतोष वाटतो' ही वाक्याची ठेवण आज जुनाट वाटते, पण तिच्यामागे पेशवाईतील पत्रव्यवहाराची सवय आहे. पत्र पावून 'संतोष जाहला' असे लिहिण्याचा तेथे परिपाठच होता. 1832 साली 'दर्पण' हे पहिले मराठी वर्तमानपत्र निघाले, तेव्हा त्या पिढीच्या वाचकाला हा शब्द पत्रांतून ओळखीचा होता. पुढे 'आनंद' पुढे सरकला आणि 'संतोष' समाधानापुरता उरला, हे मला थोडे नुकसानच वाटते.

आता 'ष'विषयी. मूळ फारसी शब्दात साधा 'श' आहे. 'पुरुष', 'मनुष्य', 'दुष्ट' अशा तत्सम शब्दांत उकारानंतर 'ष' लिहिण्याची सवय हाताला असल्यामुळे 'खुषी', 'हुषार' ही रूपे रूढ झाली असावीत, असे माझे मत आहे. 'पोषाख' मात्र या तर्कात बसत नाही. आजच्या नियमांप्रमाणे 'खूश' दीर्घ आणि 'खुशी', 'खुशाल' ऱ्हस्व लिहावेत, परंतु जुना उतारा देताना 'खुषी' तशीच ठेवावी.

त्याच पानांवर 'खुषकीच्या मार्गाने' असाही प्रयोग आढळेल. त्याचा या शब्दाशी काही नातेसंबंध नाही. तो फारसी 'खुश्क', म्हणजे कोरडा, या शब्दावरून आला असून समुद्रमार्गाने न जाता जमिनीवरून केलेला प्रवास, एवढाच त्याचा अर्थ आहे.