बूट स्वतःचे घ्या, बाकीचं भाड्याने चालेल

तुम्ही विचारलंय ते असं: डिचोलीहून तुम्ही दोघं फेब्रुवारीत गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला जाताय. कॅनडातला चुलतभाऊ चवथीला येताना त्याचे जुने बूट आणि बाइंडिंग (बूट बोर्डला पक्के जखडणारा पट्ट्यांचा साचा) आणणार आहे. त्याचा नंबर ९, तुमचा ८, आणि "सैल झाले तर दोन मोजे घाल" असं तो म्हणतोय. घ्यावेत का?

बूट घेऊ नका. गंमत म्हणजे नंबरची अडचण नाहीच. त्याचा ९ अमेरिकी मापाचा आहे, आपल्या दुकानातला ८ ब्रिटिश मापाचा, आणि पुरुषांच्या बहुतेक तक्त्यांत दोन्ही २७ सेंटिमीटरवरच येतात. अडचण आतल्या अस्तराची आहे. त्यातला फोम वापरणाऱ्याच्या पायाप्रमाणे दबून बसतो. त्याच्या घोट्याजवळ पडलेला खळगा तुमच्या घोट्याला जुळणार नाही आणि टाच आतल्या आत उचलली जाईल. त्यावर दोन मोजे हा उपाय नाही. मोज्यांचे दोन थर एकमेकांवर सरकतात, घाम अडकतो, फोड येतात आणि बोटं गार पडतात. मोजा एकच, पातळ, लोकरीचा, पोटरीपर्यंत येणारा. सुती तर नकोच, तो ओला झाला की ओलाच राहतो.

टाचेवर मी एवढा जोर का देतोय ते सांगतो. स्कीचं बाइंडिंग पडताना ठरावीक जोर आला की सुटतं. स्नोबोर्डचं सुटत नाही, दोन्ही पाय बोर्डला जखडलेलेच राहतात. चवड्याकडच्या कडेवर वळताना तुम्ही नडगी बुटाच्या जिभेवर दाबता आणि टाच वर ओढता. त्या वेळी टाच बुटातच उचलली गेली तर बोर्ड उशिरा वळतो. मग माणूस पट्टे आणखी आवळतो, पाऊल बधिर होतं, पोटऱ्या भरून येतात आणि दुपारनंतरच्या धावांत (उतारावरून खाली येण्याच्या फेऱ्यांत) तोल जायला लागतो. म्हणून हातात पैसे कमी असले तरी बुटांवर काटकसर करू नका.

माप घरीच घ्या, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. कागद भिंतीला भिडवून ठेवा, अनवाणी टाच भिंतीला टेकवा, वजन त्या पायावर टाका आणि सगळ्यांत पुढे आलेल्या बोटापाशी पेन्सिल उभी धरून खूण करा. दोन्ही पायांचं माप घ्या आणि मोठा पाय धरा. बुटाच्या लेबलवर सेंटिमीटरमधलं माप छापलेलं असतं, त्याला मोंडो म्हणतात. नंबरपेक्षा त्यावर भरवसा ठेवा. चवड्याची रुंदीही मोजा. वर्षभर चपला वापरणाऱ्या आपल्याकडच्या पायांचा चवडा बऱ्याचदा पसरट असतो. अशा पायाला लांबीने मोठा बूट घेतला की पुढे चवडा बसतो पण मागे टाच सुटते. 'वाइड' मॉडेल घ्या. तुमच्या पत्नीसाठी बायकांचंच मॉडेल बघा. त्यात पोटरीकडचा भाग वेगळा कापलेला असतो.

बूट आले की एसी लावून अर्धा तास घालून बसा, नाहीतर इथल्या दमटपणात पाय घामेजून अंदाज चुकेल. आधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग आतलं अस्तर आवळा, मग बाहेरच्या नाड्या. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे अलगद टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवल्यावर थोडा मागे सरकला पाहिजे. चवड्यांवर उभे राहा; टाच जागची हलता कामा नये. एखाद्याच जागी जळजळ झाली किंवा मुंग्या आल्या तर परत पाठवा. सगळीकडून सारखा घट्ट वाटत असेल तर ठेवा, वापरून तो थोडा सैल होतोच. कडकपणाचा आकडा १ ते १० मध्ये देतात; शिकणाऱ्याला ३-४ पुरे. नाडी की फिरवून तार आवळायची चकती, यावर फार डोकं शिणवू नका. चकती हातमोज्यांनीही फिरते, पण पहिल्या जोडीला मी नाडीच घेईन, कारण तुटली तर कुठेही बदलता येते.

बाइंडिंगचं निराळं आहे. भाड्याचा बोर्ड बहुधा बाइंडिंगसकटच मिळतो, त्यामुळे भावाचं नेलंच पाहिजे असं नाही. न्यायचं असेल तर पट्टा वाकवून बारीक चिरा दिसतात का बघा, दातेरी पट्टीचे दात झिजलेत का बघा, आणि बाइंडिंग बोर्डला कसणारी मधली चकती व स्क्रू, दोन्ही बाइंडिंगचे, सोबत आणायला सांगा. ती चकती बोर्डच्या भोकांना जुळावी लागते. काही बोर्डना भोकांऐवजी खाच असते. तुमचा बूट त्यात ठेवून बघा. टाच मागच्या कमानीत पूर्ण बसली पाहिजे, बाजूला हलता कामा नये. पायऱ्यांवर पाऊल ठेवल्यासारखं नुसतं दाबून अडकणारं बाइंडिंग सोयीचं असलं तरी त्याला त्याच पद्धतीचे बूट लागतात. पहिल्याच हंगामात त्यात अडकू नका.

सुरुवातीला पुढचा पाय अधिक १५, मागचा उणे ९ अंशांच्या आसपास ठेवा (अधिक म्हणजे बोटं बोर्डच्या पुढच्या टोकाकडे वळलेली, उणे म्हणजे मागच्या टोकाकडे). पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद असावेत आणि वाकल्यावर गुडघे बोटांच्या दिशेने गेले पाहिजेत. गुडघा आत पडत असेल तर कोन बदला. रोज सकाळी आणि पहिल्या एक-दोन धावांनंतर स्क्रू तपासा. बोर्डला ब्रेक नसतो, म्हणून बर्फावर ठेवताना बाइंडिंग खाली करून उलटा ठेवा. ओढलिफ्टवर (बर्फावरूनच वर ओढत नेणाऱ्या लिफ्टवर) मागचा पाय मोकळा असतो, तिथे गुडघा पिळवटू शकतो, म्हणून उतरताना घाई करू नका.

हेल्मेटबरोबर मनगटाचे गार्डही घ्या. नवख्यांना सर्वाधिक मार मनगटालाच बसतो. आणि एक दुखापत नीट लक्षात ठेवा. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, टॅलस नावाच्या हाडाचा कोपरा मोडतो. दिसतो साधा मुरगळल्यासारखाच, साध्या एक्स-रेत निसटूही शकतो. बाहेरच्या घोट्याच्या जरा खाली दुखत राहिलं, पायावर भार देता येईना, तर बाम चोळून गोव्यापर्यंत येऊ नका. डॉक्टरांना स्नोबोर्डवर पडलोय हे स्पष्ट सांगा आणि सीटी स्कॅनची गरज आहे का विचारा.

परत आल्यावर अस्तर बाहेर काढून सावलीत पूर्ण वाळवा. मिरग लागला की बूट माळ्यावर टाकू नका. बुरशी येते आणि दमट हवेत सोलचा फोमही कुजतो. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात, खोलीतल्या कपाटात ठेवा. बाइंडिंगच्या स्क्रूंना तेलाचा हलका हात फिरवा, आणि पुढच्या वेळी कसण्याआधी ते पुसून टाका.